वाचकांचे प्रश्न : पाइपकडून सिगारकडे वळताना

गेल्या महिन्यात या सदरात पाइपच्या तंबाखूच्या मिश्रणांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत पाइपपेक्षा सिगारविषयीचेच प्रश्न अधिक निघाले, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. काही पत्रांतील समान प्रश्न एकत्र केले असून उत्तरे प्रौढ वाचकांसाठीच आहेत. आरोग्याविषयीचा प्रश्न टाळलेला नाही. त्याचे उत्तर स्वतंत्रपणे पुढे आले आहे.

प्रश्न : मी गेली काही वर्षे पाइप ओढतो. बहुतेक वेळा व्हॅनिला किंवा चेरीचा गंध असलेले मिश्रण आणि अधूनमधून व्हर्जिनिया-पेरिक. अलीकडे मित्रांच्या बैठकीत सिगार हाती येऊ लागला आहे, परंतु तो मला कोरडा, मातकट आणि कडसर लागतो. दुकानदाराने ‘पाइपसारखा लागेल’ असे सांगून दिलेल्या सिगारचे टोक साखरेसारखे गोड होते आणि धूर अत्तरासारखा वाटला. पाइपची चव आवडणाऱ्या नवशिक्याने सिगार नेमका कसा निवडावा? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दुकानदाराने आपल्याला गंधाचे साम्य विकले, पानाचे नव्हे. पाइपमधील जी चव आपल्याला आवडते ती कोठून येते हे आधी पाहिले, तर सिगारची निवड पुष्कळ सोपी होते.

आपल्या मिश्रणातील व्हॅनिला पानात मुळात नसतो. अशा मिश्रणांचा पाया बहुधा बर्ली या जातीची तंबाखू किंवा काळी कॅव्हेंडिश हा असतो. बर्ली हवेशीर गोदामात टांगून सुकवतात. त्या संथ सुकण्यात पानातील साखर जवळजवळ संपून जाते, आणि उरलेले सच्छिद्र पान बाहेरून दिलेले गोड द्रव भराभर शोषून घेते. कॅव्हेंडिश ही तंबाखूची जात नसून प्रक्रिया आहे. पान वाफवून, दाबून काळे आणि मऊ केले जाते. त्यावर आधी गोड पाक आणि कापून झाल्यावर वरचा गंध चढवला जातो. व्हर्जिनिया या जातीच्या तंबाखूची गोष्ट वेगळी आहे. ती बंद कोठारात नळ्यांमधून फिरवलेल्या उष्णतेने साधारण आठवड्याभरात सुकवतात, त्यामुळे साखर संपण्यापूर्वीच पानातील बदल थांबतात आणि गोडवा पानातच राहतो.

सिगारचे पान या दोन्हींपेक्षा लांबच्या वाटेने जाते. ते कित्येक आठवडे कोठारात टांगून हवेवर सुकते. त्यानंतर त्याचे मोठे ढीग रचले जातात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, ढीग पुन्हा पुन्हा उलटावा लागतो आणि महिनोन्महिने चालणाऱ्या या किण्वनात अमोनियासारखे उग्र घटक बाहेर पडतात. साखर तोपर्यंत नावापुरतीच उरलेली असते. म्हणून सिगारमधला गोडवा म्हणजे भाजलेला पाव, काजू-बदाम, कोको, देवदाराचे लाकूड यांच्या जातीचा असतो. त्यात व्हॅनिला शोधणे म्हणजे वेलदोड्याच्या चहाची सवय असलेल्याने दार्जिलिंगच्या कोऱ्या चहात वेलदोडा शोधण्यासारखे आहे. पहिला सिगार आपल्याला कोरडा लागला तो बिघडलेला होता म्हणून असेलच असे नाही; जीभ वेगळ्या गोडव्याची वाट पाहत होती, हेही त्याचे कारण असू शकते.

तेव्हा दुकानात जाऊन ‘चेरीचा आहे का’ असे विचारू नये. आपल्या आवडत्या मिश्रणातील पान कशा प्रकारे सुकवलेले आहे ते ध्यानात घ्यावे आणि त्याच्या जवळचे सिगारचे पान शोधावे.

आपण व्हर्जिनिया-पेरिक ओढता, ही या बाबतीत फार सोयीची गोष्ट आहे. नुसत्या व्हर्जिनियाची गवती, पावासारखी हलकी गोडी ज्यांना आवडते त्यांनी कनेक्टिकट शेड या बाहेरच्या पानापासून आरंभ करावा. सिगारची तीन अंगे असतात : बाहेरचे पान म्हणजे रॅपर, त्याच्या आतले बांधणीचे पान आणि पोटातले भरण. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी शेतांवर कापडी मांडव घालून हे पान सावलीत वाढवले जाऊ लागले. त्या काळी सुमात्राहून येणाऱ्या पातळ पानाशी स्पर्धा करावयाची होती. आज त्याच बियाण्याचे पुष्कळ पान इक्वेडोरमध्ये पिकते, कारण तेथे मांडवाचे काम आकाशातील ढगच करतात. हे रॅपर फिकट, पातळ आणि चवीला सौम्य, सायीसारखे असते. डॉमिनिकन प्रजासत्ताकात बनणारा मॅकॅन्युडो कॅफे किंवा निकाराग्वात बनणारा पेर्दोमो शॅम्पेन हे अमेरिकेत सहज मिळणारे आणि नवशिक्याला न घाबरवणारे नमुने आहेत. जाणकार मंडळी मॅकॅन्युडोला नाके मुरडतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही, कारण जीभ तयार होत असताना सौम्यपणा हा दोष ठरत नाही.

पेरिक मात्र लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात पिकते आणि पिंपांत प्रचंड दाबाखाली आपल्याच रसात महिनोन्महिने आंबवली जाते. तिच्यातील मनुका, अंजीर आणि मिरी यांचा मेळ आपल्याला आवडत असेल, तर मादुरो रॅपरकडे वळावे. मादुरो म्हणजे अधिक उष्णतेत अधिक काळ किण्वन होऊन गडद झालेले पान. कनेक्टिकट ब्रॉडलीफ हे त्यातील प्रसिद्ध पान उघड्या उन्हात वाढते, जाड असते, आणि त्याचे आख्खे रोप कापून सुकवतात. मेक्सिकोतील सान आंद्रेस खोऱ्याचे पानही याच कुळातले मानता येईल. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. गडद सिगार म्हणजे जहाल सिगार, असे नवशिक्यांना वाटते आणि ते मादुरोला हातच लावत नाहीत. सिगारची ताकद बहुतांशी पोटातल्या भरणावर ठरते. रोपाच्या शेंड्याजवळची, सर्वांत जास्त ऊन खाल्लेली लिहेरो पाने भरणात अधिक असतील, तर फिकट दिसणारा सिगारही डोके गरगरवतो. उलट ॲश्टन एज्ड मादुरोसारखा काळाभोर सिगार त्याच्या रंगावरून वाटतो त्यापेक्षा बराच मवाळ असतो. लिगा प्रिवादा नंबर नऊ हाही ब्रॉडलीफचाच आहे, पण तो आरंभासाठी नव्हे.

ज्यांना बर्लीचा बदामी, कोकोसारखा कोरडेपणा प्रिय आहे त्यांचे काम सर्वांत सोपे आहे, कारण बर्ली आणि सिगारचे पान दोन्ही हवेवरच सुकतात. त्यांनी, आणि तुर्की-ओरिएंटल पानांचा मसालेदार सुवास आवडणाऱ्यांनीही, कॅमरून रॅपर अवश्य पाहावे. कॅमरून आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पिकणारे हे पान नाजूक असते, हाताला बारीक दाणेदार लागते आणि त्याच्या धुरात गोड मसाल्याची एक छटा असते. ओलिवा सेरी जी हा या रॅपरचा परवडणारा नमुना आहे. माझ्या मते पाइपवाल्याच्या जिभेला सर्वांत लवकर पटणारे पान हेच.

लटाकिया आवडणाऱ्यांना मात्र अमेरिकन दुकानदार बहुधा चुकीच्या फळीकडे नेतात. लटाकिया हे लाकडाच्या धुरावर धुरवलेले पान आहे, आणि कॅरिबियन पद्धतीच्या सिगारमध्ये धुरवलेले पान क्वचितच असते. त्यासाठी इटलीकडे पाहावे लागते. तोस्कानो हा सिगार ज्या केंटकी जातीच्या पानापासून बनतो ते पान कोठारात ओक आणि बीचच्या लाकडांच्या मंद जाळावर सुकवले जाते. पाइपच्या अनेक इंग्रजी धर्तीच्या मिश्रणांत घातली जाणारी डार्क फायर्ड केंटकी ही त्याचीच सख्खी बहीण. तोस्कानोची जन्मकथा अशी सांगतात की, १८१५ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्समध्ये उघड्यावर ठेवलेला तंबाखूचा साठा पावसात भिजला. तो फेकून देण्याऐवजी सुकवला, तेव्हा आंबलेल्या पानांचे स्वस्त सिगार वळून विकण्यात आले आणि शहरातील लोकांना ते आवडले. १८१८ पासून नियमित उत्पादन सुरू झाले. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा हा सिगार दिसायला ओबडधोबड असतो, त्यात बांधणीचे वेगळे पान नसते, आणि तो कोरडाच ओढावयाचा असल्याने त्याला आर्द्रतेच्या पेटीची गरज पडत नाही. इटलीत तो मध्यावर कापून अर्धा अर्धा ओढण्याची रीत आहे. ती नवशिक्याने निमूटपणे पाळावी, कारण तोस्कानो चांगलाच कडक असतो. अर्ध्या लांबीचा तोस्कानेल्लोही मिळतो आणि त्यात कॉफी किंवा ग्रापा या इटालियन मद्याचा गंध दिलेले प्रकारही निघालेले आहेत. निकाराग्वातील एस्तेली येथे कारखाना असलेल्या ड्रू इस्टेटने केंटकी फायर क्युअर्ड या नावाने धुरवलेले पान भरणात घातलेला सिगार काढला आहे. तो तोस्कानोपेक्षा ओळखीच्या सिगारच्या घाटाचा आहे.

आता राहिला आपला मूळ व्हॅनिला. बाहेरून गंध दिलेले सिगार तीन तऱ्हांचे असतात. काहींच्या फक्त टोपीला, म्हणजे तोंडात धरण्याच्या टोकाला, गोड लेप असतो, आणि आपल्याला मिळाला तो याच जातीचा दिसतो. काहींची पाने वनस्पती, तेले किंवा कॉफीच्या सहवासात दीर्घकाळ ठेवून गंध मुरवलेला असतो. ड्रू इस्टेटचे ॲसिड आणि कॉफीचा ताबाक एस्पेशियाल हे त्यांत प्रसिद्ध आहेत. तिसरे म्हणजे यंत्रावर बनलेले छोटे सिगार. यांत पाइपच्या तंबाखूच्या नावाजलेल्या नावांनी निघणारेही आहेत, परंतु त्यांची बांधणी पुष्कळदा पानाचा लगदा करून लाटलेल्या कागदासारख्या थराची असते आणि त्यांना सिगारेटसारखे ओढण्याचा मोह होतो. ॲसिडसारखा सिगार एखादा पाहण्यास हरकत नाही. कॉफीचा प्रकार मला अत्तरी प्रकारांपेक्षा बरा वाटतो, कारण कॉफीचा कडवटपणा पानाच्या जातीशी जुळतो, फुलांचा वास जुळत नाही. मात्र त्या एका वाटेवरच राहिलात, तर सिगार आपल्याला कधीच कळणार नाही. गंधयुक्त तंबाखूच्या विक्रीवर काही राज्यांत निर्बंध आहेत हेही ध्यानात ठेवावे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२० पासून साध्या दुकानांत असे सिगार विकता येत नाहीत.

आकाराविषयी थोडक्यात. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ५० जाडीचा सिगार पाऊण इंचाहून किंचित जाड असतो. आरंभी ४२ जाडीचा आणि पाच इंचांच्या आसपास लांबीचा पेतीत कोरोना घ्यावा. तो अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि बारीक असल्यामुळे रॅपरची चव त्यात अधिक स्पष्ट लागते. सध्या ६० जाडीच्या सोट्यांची फॅशन आहे. त्यांत भरणाचा धूर रॅपरला पुरता झाकून टाकतो. पेटी कधीही घेऊ नये. वर सांगितलेल्या रॅपरांपैकी एकेक सुटा नग घ्यावा, एका बैठकीला एकच ओढावा आणि सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरचे नाव वहीत लिहून ठेवावे.

पेटवण्याच्या आणि ओढण्याच्या बाबतीत पाइपवाले इतर नवशिक्यांपेक्षा पुढे असतात. मंद ओढणे, धूर छातीत न घेता तोंडात फिरवणे आणि गरम होऊ न देणे हे आपण शिकलेलेच आहात. सिगारलाही मिनिटाला एखादा झुरका पुरे होतो. दोनच सवयी बदलाव्या लागतील. पाइप विझला की पुन्हा पेटवणे आपल्या हाडीमासी खिळलेले असते, परंतु दोन तृतीयांश ओढून झालेला सिगार विझल्यास त्याला तसाच सोडावा, कारण उरलेल्या भागात डांबर साचून चव कडू होते. दुसरे म्हणजे टोपी कापताना हात आखडता घ्यावा. दोन मिलिमीटर पुरेत. टोपीच्या खालच्या गोलाईपर्यंत कापले की रॅपर उलगडू लागतो. पेट्रोलचा लायटर मात्र पाइपप्रमाणे येथेही वर्ज्य.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही : पाइपचा वास घरच्यांना आवडतो म्हणून सिगारचाही आवडेल असे गृहीत धरू नये. व्हॅनिलाच्या मिश्रणाचा खोलीत पसरणारा सुवास ओढणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्यालाच अधिक मिळतो. सिगारच्या बाबतीत सुख ओढणाऱ्याचे आणि पडद्यांना लागणारा दर्प इतरांचा.

प्रश्न : पाइप मला सहज झेपतो, पण अर्ध्या सिगारनंतर दरदरून घाम फुटतो आणि मळमळते. धूर मी गिळत नाही, तरी असे का होते? — एक वाचक, पुणे

उत्तर : हा निकोटिनचा परिणाम आहे आणि त्याचे कारण पुन्हा पानाच्या सुकवणीतच सापडते. साखर राखून असलेल्या व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी असतो. आम्ल धुरात निकोटिन क्षाराच्या रूपात बांधलेले राहते आणि तोंडाच्या अस्तरातून फारसे शोषले जात नाही. हवेवर सुकून किण्वन झालेल्या सिगारच्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो. त्यात निकोटिन मोकळे असते आणि ते गाल व जिभेच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. म्हणून धूर छातीत न घेताही सिगार चढतो. त्यात पाइपमध्ये तीनेक ग्रॅम तंबाखू भरली जात असेल, तर मोठ्या सिगारमध्ये ती त्याच्या कित्येक पट असते, हाही हिशेब आहेच.

रिकाम्या पोटी सिगार पेटवू नये. भरणात लिहेरोचे प्रमाण जास्त असल्याचे वर्णन असेल तो टाळावा. जाडी कमी घ्यावी आणि झुरक्यांतील अंतर वाढवावे. घाम येऊ लागताच सिगार ठेवून द्यावा, मोकळ्या हवेत बसून पाणी प्यावे. काहीतरी गोड खाल्ल्याने पुष्कळांना बरे वाटते. सिगार महाग होता म्हणून शेवटपर्यंत ओढण्याचा हट्ट हा या त्रासाचा सर्वांत मोठा मित्र. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र जाडी आणि लिहेरोचा विचारच करू नये. त्यांनी सिगार ओढू नये. छातीत दुखले किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : दादरच्या घरी पाइपची तंबाखू आणि भेट मिळालेले काही सिगार एकाच लाकडी पेटीत ठेवतो. पावसाळ्यानंतर सिगारवर पांढरी बुरशी आली आणि सगळ्यांना व्हॅनिलाचा वास लागला. काय करावे? — एक वाचक, मुंबई

उत्तर : बुरशी आलेले सिगार टाकून द्यावेत, पुसून ओढू नयेत. ज्यांना नुसताच व्हॅनिलाचा वास लागला आहे ते आपल्याला आवडत असल्यास वेगळ्या डब्यात ठेवावेत, परंतु तो वास पुढे जाणार नाही.

सिगारला ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. देवदाराच्या पेट्या युरोप-अमेरिकेतील कोरड्या, तापवलेल्या घरांसाठी घडवलेल्या आहेत. त्यांचे काम आत ओलावा टिकवण्याचे असते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच आर्द्रता ८० टक्क्यांवर असते, तेव्हा श्वास घेणारी लाकडी पेटी दर वेळी उघडताना बाहेरचा ओलावा आत ओढते. आपल्याकडे साधा, रबरी कडेचा हवाबंद डबा आणि त्यात आर्द्रता देणारी व घेणारी ६५ टक्क्यांची पुडी ही व्यवस्था अधिक भरवशाची आहे. शोभेची पेटी दिवाणखान्यात असू द्यावी. ओल धरलेला सिगार तिरका जळतो, ओढताना घट्ट लागतो आणि कधी रॅपर फुटतो. असा सिगार पुडीसह काही आठवडे डब्यात विसावू दिला, तर बहुधा सुधारतो. नागपूरच्या मे महिन्यात याच्या उलट संकट येते, रॅपर पापडासारखा तडकतो, पण उपाय तोच डबा आणि तीच पुडी.

उष्णतेचे भय ओलाव्याहून मोठे आहे. तापमान २४ अंशांच्या बरेच वर राहिले, तर पानात दडलेल्या अंड्यांतून तंबाखूचा भुंगेरा बाहेर पडतो आणि सिगारला सुईने टोचल्यासारखी भोके पाडतो. आपल्या स्वयंपाकघरातील हळद, तिखट, धणे यांना लागणारी तपकिरी कीड हीच. तेव्हा सिगारचा डबा मसाल्यांच्या कपाटाजवळ ठेवणे म्हणजे निमंत्रणच देणे होय. भोके दिसताच डब्यातील शाबूत सिगार हवाबंद पिशवीत घालून आधी फ्रीजच्या गार कप्प्यात, मग काही दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा गार कप्प्यात आणि मग बाहेर अशा पायऱ्यांनी न्यावेत. एकदम गोठवले किंवा एकदम बाहेर काढले तर रॅपर तडकतो. नेहमीच्या साठवणीसाठी मात्र फ्रीज वापरू नये. तेथील हवा कोरडी असते आणि भाज्यांचे वास लागतात.

पाइपच्या तंबाखूला काचेची घट्ट झाकणाची बरणी हवी. सिगारला योग्य असणारा ओलावा तिला अधिक होतो, आणि ओले मिश्रण पाइपमध्ये वाफ धरून जीभ पोळते. गंध दिलेली तंबाखू, गंध दिलेले सिगार आणि साधे सिगार या तिघांची घरे वेगवेगळी असावीत.

प्रश्न : परदेशी सिगारच्या किमती पाहता भारतीय सिगार किंवा चिरूट पाइपवाल्याला चालतील का? आमच्या भागात तर तंबाखूच पिकते. — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : निपाणी आणि कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात पिकणारी तंबाखू प्रामुख्याने विडीची आहे. तिचे पान सिगारच्या रॅपरसाठी लागते तसे मोठे, पातळ आणि लवचीक नसते. आंध्र आणि कर्नाटकात नळीच्या उष्णतेने सुकवलेली व्हर्जिनिया मोठ्या प्रमाणावर पिकते, पण ती मुख्यतः सिगारेटसाठी. तंबाखू मंडळाचे मुख्यालय गुंटूरला आहे ते त्यामुळेच.

सिगारची खरी भारतीय परंपरा तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलची. एकोणिसाव्या शतकात येथील चिरूट इंग्लंडपर्यंत जात असत आणि मद्रासच्या स्पेन्सर कंपनीने दिंडिगलला कारखाना चालवला होता. चिरूटला टोपी नसते. दोन्ही टोके उघडी असल्याने कापण्याची गरज पडत नाही. चव रोखठोक आणि कडक असते. एखादा ओढून पाहावा, त्याला स्वतःचा बाणा आहे. पण आपल्या पाइपमधील मिश्रणाची सावली त्यात शोधू नये, आणि स्वस्त आहे म्हणून रोज ओढावयाची वस्तू ती नव्हे.

प्रश्न : माझे वडील सिगारेट सोडून पाइप आणि आता सिगार ओढू लागले आहेत. ‘धूर छातीत जात नाही, म्हणजे धोका नाही’ असे ते म्हणतात. हे खरे आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारच्या आरोग्यपरिणामांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तोंड, स्वरयंत्र व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका धूर न गिळणाऱ्यांनाही असतो हे त्यात स्पष्ट आहे. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते, तर मोठ्या सिगारमध्ये ५ ते १७ ग्रॅम. पाइपही ओठ आणि तोंडाच्या कर्करोगापासून मुक्त नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत एक विशेष काळजी आहे. सिगारेटवरून सिगारकडे आलेली माणसे जुन्या सवयीने नकळत धूर छातीत ओढतात, आणि मग फुप्फुसांचा धोकाही मागे लागतो.

या सदरात वर जे लिहिले आहे ते क्वचित ओढणाऱ्या, परिणाम जाणणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे. जो माणूस सिगारेट सोडू पाहतो त्याच्यासाठी सिगार ही पायरी नाही. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११२-३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसल्यास दंतवैद्यांना त्वरित दाखवावे.

प्रश्न : परदेशातून येताना किती सिगार आणता येतात? आणि ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात मिळणारे क्यूबन सिगार घ्यावेत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : २०१६ च्या बॅगेज नियमांत शुल्कमुक्त मर्यादा २५ सिगार, किंवा १०० सिगारेटी, किंवा १२५ ग्रॅम तंबाखू अशी घातली होती. नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू मर्यादा पाहून घ्यावी. अमेरिकेत परतणाऱ्या वाचकांनी क्यूबन सिगार सामानात ठेवू नयेत. वैयक्तिक वापरासाठी ते नेण्याची सवलत सप्टेंबर २०२० मध्ये काढून घेण्यात आली आहे. भारतात ते रीतसर आयात होऊन विकले जातात, परंतु तंबाखूवरील नियंत्रणाचा कोटपा कायदा, २००३ येथेही लागू आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्री करता येत नाही, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे.

स्वस्त क्यूबन म्हणजे बहुधा खोटा क्यूबन. काचेच्या झाकणाच्या पेटीत विकला जाणारा क्यूबन सिगार खरा नसतो, कारण क्यूबन सिगार विकणारी हबानोस कंपनी तशा पेट्या काढतच नाही. खऱ्या पेटीवर हिरव्या-पांढऱ्या रंगाची हमीपट्टी असते आणि तळाशी ‘हेचो एन कूबा’ (क्यूबात बनवलेले) व ‘तोतालमेंते आ मानो’ (पूर्णपणे हाताने) हे शब्द उमटवलेले असतात. पट्टी आणि शिक्का या दोन्हींची नक्कल होते, म्हणून पावती देणाऱ्या दुकानाखेरीज खरेदी करू नये. पाइपकडून वळणाऱ्याला आरंभी क्यूबनची गरजही नाही. त्याच पैशांत कॅमरून, कनेक्टिकट आणि मादुरो अशा तीन रॅपरांचे सुटे नग येतात. तरीही क्यूबनच घ्यावयाचा असेल, तर होयो दे मॉन्तेरे या नावातील एखादा छोटा आकार घ्यावा, कारण क्यूबाच्या जुन्या नावांमध्ये ते सौम्य गणले जाते.